महावीर चक्र : तेवीस वर्षांनंतर
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



लष्करी वैमानिकाच्या चरित्रावर बोलावयाचे ठरले तेव्हा आमच्यापुढे साहजिकच पहिले नाव उभे राहिले ते एअर चीफ मार्शल हृषीकेश मुळगावकर यांचे. १९२० साली मुंबईत जन्मलेले मुळगावकर १९४७-४८ च्या काश्मीर युद्धातील कामगिरीबद्दल महावीर चक्राचे मानकरी ठरले आणि १९७६ ते १९७८ या काळात भारतीय वायुदलाचे प्रमुख होते. अशा चरित्रात पराक्रम, पदक आणि पदोन्नती यथाकाल येतात व व्याख्यात्याचे काम सुकर होते. परंतु आपण म्हैसूरकर आहोत. येथून सुमारे १२० किलोमीटरांवर मडिकेरी आहे, आणि त्या कोडगूच्या एका सुपुत्राला तेच पदक मिळण्यास तेवीस वर्षे लागली. ती हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

तत्पूर्वी एक लहानसे विषयांतर. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वायुदलाच्या १२९ व्या स्क्वाड्रनने म्हैसूरचे नाव धारण केले होते, आणि तिच्या मानचिन्हावर आपल्या राजघराण्याचा गंडभेरुंड होता. राजवाड्यावरून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक असेल, देव जाणे!

स्क्वाड्रन लीडर अज्जमाड बोपय्या देवय्या यांचा जन्म २४ डिसेंबर १९३२ चा. ‘अज्जमाड’ हे त्यांच्या घराण्याचे नाव. कोडव लोकांत ते व्यक्तीच्या नावाआधी येते. आपण आडनाव शेवटी लावतो, ते आधी घराणे सांगतात. जनरल करिअप्पा आणि जनरल थिमय्या यांच्या या भूमीत सैन्यात जाणे नवलाचे नव्हते. देवय्या १९५४ साली वायुदलात वैमानिक म्हणून दाखल झाले, आणि पुढे नवशिक्या वैमानिकांना शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि त्याला पदकेही सहसा मिळत नाहीत. मात्र चांगला शिक्षक स्वतः किती कसलेला असावा लागतो, हे या सभागृहातील शिक्षकवर्गास सांगावयास नको.

१९६५ चे युद्ध सुरू झाले तेव्हा देवय्या पहिल्या स्क्वाड्रनमध्ये होते. ६ सप्टेंबरच्या सायंकाळी पाकिस्तानी विमानांनी पठाणकोटच्या तळावर हल्ला करून आपली मोठी हानी केली. त्याचे प्रत्युत्तर म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे विंग कमांडर ओमप्रकाश तनेजा यांच्या नेतृत्वाखाली आदमपूरहून मिस्टेअर विमाने निघाली, ती थेट सरगोध्यावर. सरगोधा हा पाकिस्तानचा सर्वांत महत्त्वाचा हवाई तळ. शिवाय तो इतका आत की, मिस्टेअरला जाऊन परत येण्यापुरतेच इंधन पुरावे. वाटेत झुंज घेतली तर परतीची शाश्वती नाही, हे प्रत्येक वैमानिक जाणत होता. देवय्यांचे विमान राखीव होते. एखादे विमान गळाल्यास त्याची जागा त्यांनी घ्यावयाची होती. प्रत्यक्षात ते मोहिमेत सामील झाले.

परतीच्या मार्गावर त्यांची गाठ स्टारफायटर विमानाशी पडली. येथे दोन्ही विमानांतील अंतर ध्यानात घेतले पाहिजे, नाहीतर या झुंजीचे मोल कळणार नाही. अमेरिकन बनावटीचे एफ-१०४ स्टारफायटर ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाई आणि त्याजपाशी साइडवाइंडर क्षेपणास्त्रे होती. फ्रेंच बनावटीच्या मिस्टेअरला सरळ उड्डाणात ध्वनीचा वेगही गाठता येत नसे, आणि झुंजीसाठी त्याचा भरवसा काय तो तोफांवर. पाकिस्तानी वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट अमजद हुसेन यांनी देवय्यांच्या विमानावर मारा केला, विमानास इजाही झाली, आणि आपले काम झाले असे त्यांना वाटले. परंतु देवय्या पळाले नाहीत. जखमी मिस्टेअर वळवून त्यांनी स्टारफायटरवर तोफा डागल्या. ते कोसळले, आणि अमजद हुसेन हवाई छत्रीने बाहेर पडून वाचले. देवय्या मात्र परतले नाहीत.

आदमपूरला इतकेच कळले की, एक विमान आले नाही. बाकीची विमाने पुढे निघून गेली होती. झुंज पाहणारा आपला माणूस तेथे कोणीच नव्हता. नोंद झाली ‘बेपत्ता’ अशी. पुढे ते मृत मानले गेले. शौर्यपदकाची शिफारस वरिष्ठ करतात, आणि वरिष्ठ तरी कशाच्या आधारावर करणार? जेथे साक्षीदार नाही, तेथे सरकारी कागदापुरता पराक्रमही नाही. नियमाला आम्ही दोष देत नाही. अशा नियमांवाचून पदकांची किंमत राहणार नाही. तथापि कोडगूतल्या त्या घराने पतीच्या आणि पित्याच्या अखेरच्या क्षणांविषयी काहीही न कळता चौदा वर्षे काढली, हेही विसरता येत नाही.

साक्ष निघाली ती शत्रूच्या घरातून! ब्रिटिश लेखक जॉन फ्रिकर यांचे १९६५ च्या हवाई युद्धावरील पुस्तक १९७९ साली प्रसिद्ध झाले. पाकिस्तानी वायुदलाकडून मिळालेल्या माहितीवर ते आधारलेले होते. एका मिस्टेअरने आपले स्टारफायटर पाडले, ही कबुली त्यात होती. वैमानिकाचे नाव शोधण्यास फार कष्ट नव्हते. पहाटेच्या त्या हल्ल्यातून न परतलेले मिस्टेअर एकच होते. तनेजा यांनी आपल्या जुन्या सहकाऱ्यासाठी हा प्रश्न लावून धरला. तरीही १९७९ पासून निर्णय होईपर्यंत आणखी नऊ वर्षे गेली. आमच्या मते ही दिरंगाई साक्षीच्या अभावापेक्षा अधिक बोचणारी आहे.

१९८८ साली देवय्यांना मरणोत्तर महावीर चक्र जाहीर झाले. युद्धकाळातील पराक्रमासाठी परमवीर चक्राखालोखाल याच पदकाचा मान. रुपेरी वर्तुळावर पंचकोनी तारा, अर्धी पांढरी व अर्धी केशरी फीत. मुळगावकरांच्या छातीवर मिरवलेली तीच ही फीत. देवय्यांचे पदक त्यांच्या पत्नीने स्वीकारले.

अलीकडे, २०२५ साली, याच प्रसंगावर बेतलेला ‘स्काय फोर्स’ हा हिंदी चित्रपट येऊन गेला. त्यात नायकाचे नाव बदललेले आहे. खरे नाव वाचावयाचे असल्यास मडिकेरीस जावे. तेथे एका चौकाला देवय्यांचे नाव दिलेले आहे.