ओटीतली सिस्टर व्हायचंय?

आम्ही तिघी तालुक्याच्या गावी ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, काम करणाऱ्या सिस्टर. तिघीही शेतकरी घरातल्या. मागं एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. तिथं एका आईनं विचारलं, "पोरगी म्हणते, नर्स होऊन ओटीत काम करीन. रोज रक्त बघायचं, जमंल का तिला?" त्या आईला जे सांगितलं, तेच आज तुम्हा सगळ्यांना सांगतो.

आधी शिक्षणाचं बोलू. बारावीनंतर जीएनएम तीन वर्षांचं आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. बीएस्सीला बारावीत विज्ञान आणि त्यात जीवशास्त्र लागतं. जीएनएमला कला, वाणिज्यवाल्या मुलीही जाऊ शकतात, मात्र बारावीला इंग्रजी असावं लागतं. शिक्षण झालं की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नाव नोंदवायचं. ही नोंदणी झाली तरच आपण नर्स.

हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्यातली एक यात फसली. सहा महिन्यांत नर्स, नोकरी नक्की, अशी पाटी बघून तिच्या वडलांनी शेळ्या विकून फी भरली. हातात प्रमाणपत्र आलं, पण त्यावर नोंदणीच होईना. वर्ष गेलं, पैसे गेले. पुढं गटाच्या कर्जावर तिनं जीएनएम केलं. म्हणून फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा, "इथं शिकल्यावर नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळते का?" आणि नुसत्या तोंडी उत्तरावर जाऊ नका. कौन्सिलच्या यादीत त्या कॉलेजचं नाव आहे का, ते बघा.

ओटीसाठी सुरुवातीला वेगळा कोर्स लागतोच असं नाही. नोंदणी झालेल्या सिस्टरची तिथं ड्यूटी लागते आणि जुन्या सिस्टरच्या हाताखाली शिकायचं असतं. पुढं हवी तर ओटी नर्सिंगची एक वर्षाची पदविका करता येते.

ओटीत सिस्टरची कामं दोन. एक स्क्रब सिस्टर. ती हात धुऊन, निर्जंतुक गाऊन-हातमोजे घालून डॉक्टरांसमोर उभी राहते आणि हत्यारं हातात देते. दुसरी फ्लोअर सिस्टर. ती बाहेरून लागेल ते सामान आणून देते, लिहिते, मोजते. नवीन मुलीला पहिल्याच दिवशी कुणी टेबलापाशी उभं करत नाही. आधी हत्यारांची नावं पाठ करायची. आर्टरी कुठली, अॅलिस कुठली, बॅबकॉक कुठली. मग ट्रे लावायचा, ऑटोक्लेव्ह लावायचा. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपला मोठा कुकरच म्हणा. वाफेच्या दाबाखाली १२१ अंशांवर कपडे आणि हत्यारं निर्जंतुक होतात. गाठोड्यावरच्या पट्टीचा रंग बदलला नसेल, तर ते गाठोडं वापरायचं नाही, कितीही घाई असो.

चक्कर येते का? येते. आमच्यातल्या दोघींना पहिल्यांदा आली होती. त्यात लाज नाही. उपाशीपोटी जायचं नाही, गुडघे ताठ करून उभं राहायचं नाही, आणि डोळ्यांपुढं अंधारी आली की लगेच सांगून बाजूला बसायचं. काही दिवसांनी नजर रक्तावर राहत नाही, कामावर राहते.

घरच्यांची अडचण वेगळीच असते. ओटीत बांगड्या, अंगठी चालत नाही, त्यांच्या आड घाण राहते. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "सवाष्णीचे हात मोकळे? शोभतं का?" ती म्हणाली, "आत्या, घरी आले की लगेच भरते. पण माझ्या बांगडीपायी कुणा लेकुरवाळीची जखम चिघळली, तर ते शोभंल का?" सासूबाई गप्प झाल्या. आता ड्यूटीवरून आल्यावर बांगड्यांचा डबा त्याच पुढं करतात.

आणि आता खरी गोष्ट. ओटीत सगळ्यात मोठं काम धाडसाचं असतं. आमच्यातली एक नवीन असताना सिझेरियन चाललं होतं. बाळ रडलं, सगळे खूश. पोट शिवण्याआधी मॉप, म्हणजे रक्त टिपायच्या कापडाच्या घड्या, मोजायच्या असतात. सुरुवातीला दहा मोजून फळ्यावर लिहिल्या होत्या. आता नऊच भरल्या. बादली बघितली, खाली बघितलं. नऊच. मोठे डॉक्टर म्हणाले, "आधीच चुकीच्या मोजल्या असतील." बाहेर पुढचा पेशंट थांबलेला. हिचे पाय लटपटत होते, पण ती म्हणाली, "सर, दहा होत्या, फळ्यावर आहेत. एक मिळत नाही." डॉक्टरांनी हात थांबवले आणि परत बघितलं. रक्तानं भिजलेली घडी आतच होती, मांसासारखीच दिसत होती. ती राहिली असती तर पू, ताप, दुसरं ऑपरेशन, कदाचित त्या बाईचा जीव. डॉक्टर एवढंच म्हणाले, "बरं केलंत, सिस्टर." त्या बाईला आजही यातलं काही माहीत नाही. ती बाळ घेऊन घरी गेली.

ऑपरेशनमधल्या अशा चुका टळाव्यात म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली ऑपरेशनची तपासणी यादी आणली. भूल देण्याआधी, कापण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी, असं तीनदा थांबून विचारायचं. पेशंट तोच ना? ऑपरेशन तेच ना? मोजणी बरोबर ना? म्हणून तुमचं ऑपरेशन असेल आणि सिस्टर तेच तेच विचारत असेल, तर कंटाळू नका. नखांचं पॉलिश काढा म्हटलं तर काढा, बोटाला लावतो त्या यंत्राला नख स्वच्छ लागतं. शेवटचं कधी खाल्लं ते खरं सांगा.

त्या आईला आम्ही शेवटी विचारलं, "तुमची पोरगी दुकानातून आल्यावर सुटे पैसे मोजून देते का? कमी आले तर परत जाऊन दुकानदाराला सांगते का?" आई हसून म्हणाली, "सांगते की! भांडून आणते."

मग जमंल तिला. पाठवा.