नदीचं काम डोंगरापासून



नदी आटली की गावात एकच मागणी होते: जेसीबी आणा, पात्र खोल करा. गाळ काढायला हरकत नाही. पण तो गाळ येतो कुठून? वरच्या उघड्या डोंगरावरून. डोंगर तसाच राहिला तर थोड्याच पावसाळ्यांत पात्र पुन्हा भरतं.

गवत-झाडी असलेल्या उतारावर पाऊस थांबत उतरतो, जमिनीत मुरतो आणि पावसाळा संपल्यावरही झऱ्यांतून नदीला मिळत राहतो. आपल्या बचतीसारखंच आहे बघा. आलेला पैसा त्याच दिवशी उडवला तर अडीनडीला हातात काही उरत नाही.

राजस्थानच्या अलवर जिल्ह्यातली अरवरी नदी पावसाळ्यानंतर कोरडी पडायची. १९८० च्या दशकात तरुण भारत संघाच्या सोबतीनं उगमाजवळच्या भावता-कोल्याला गावानं जोहड, म्हणजे पाणी अडवणारे मातीचे बांध, घालायला घेतले. डोंगरावरचं जंगल राखलं. पुढे खोऱ्यात असे शेकडो बांध झाले आणि १९९० च्या दशकात नदी बारमाही वाहू लागली. मग सुमारे ७० गावांनी अरवरी संसद स्थापन करून पाणीवापराचे नियम केले.

आपल्याकडे याला 'माथा ते पायथा' म्हणतात. आधी माथ्यावर सलग समतल चर, मग ओघळीत दगडी बांध, शेवटी खाली माती नाला बांध. उलट केलं तर खालचा बांध गाळानंच भरतो.

आता अवघड गोष्ट. चर खणले, गवत-झाडं लावली की तिथं काही वर्षं चराईबंदी लागते. पाणी खालच्या शेतांना मिळतं, शेळ्या मात्र वरच्या वाडीतल्या बायांच्या. जमीन नसलेली बाई विचारते, "मी शेळ्या कुठं नेऊ?" तिला उत्तर मिळालं नाही, तर बंदी टिकणार नाही. म्हणून तीन गोष्टी मागा:

१. सगळा डोंगर एकदम बंद नको; भाग पाडून पाळीपाळीनं बंद करा.
२. बंद भागातलं गवत कापून न्यायचा पहिला हक्क वाडीला.
३. चर खणायचं रोजगार हमीचं काम आधी वाडीतल्या बायांना. कामाचा अर्ज लेखी द्या, पोच घ्या.

ग्रामसभेआधी महिला सभा असते. तिथं हे ठरावात लिहून घ्या, तोंडी नको. आणि वाडीतल्या बाया आल्या नसतील तर ठराव थांबवा. आधी त्यांना बोलावून आणा.