वाई : कृष्णाकाठची पायवाट

सातारा जिल्ह्यातील वाई हे कृष्णातीरीचे नगर पायी पाहू इच्छिणाऱ्याने गणपती आळीच्या घाटापासून, म्हणजे पात्रात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या बांधकामापासून, आरंभ करावा. कारण १७६२ मध्ये गणपतराव रास्ते यांनी येथे बांधविलेल्या ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागील भिंत मत्स्याकार, म्हणजे माशासारखी निमुळती असून, पुराचे पाणी तिच्यावर दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे ही योजना स्थापत्यदृष्ट्या खरोखर असामान्य आहे. शेजारीच काशीविश्वेश्वराचे मंदिर आहे. नदीच्या वरच्या अंगास काही किलोमीटरांवर मेणवली येथे पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणीसांचा वाडा असून, त्याच्या मागील घाटावर, मराठ्यांच्या १७३९ मधील वसईच्या विजयानंतर पोर्तुगीज चर्चमधून आणलेली भव्य घंटा शिवमंदिराजवळ टांगलेली आहे.