हुद्दा गेला, आडनाव राहिलं



मंडळाच्या वार्षिक व्याख्यानमालेसाठी विषय शोधताना मी लांब गेलो नाही. पांढुर्ण्याच्या बाजारात काय किंवा सौसरच्या बसथांब्यावर काय, नवा माणूस भेटला की "गाव कोणतं?" यानंतरचा आपला प्रश्न ठरलेला असतो, "आडनाव?" कोणी काळे म्हणतो, कोणी धुर्वे म्हणतो, आणि विचारणाऱ्याचं समाधान होतं. पण उत्तर "देशमुख" असं आलं की समाधान होत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, "कोणते देशमुख?" आज मला या पुढच्या प्रश्नाबद्दल बोलायचं आहे. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरी त्याचं उत्तर ठाऊक असलेलं एखादंच माणूस उरलं असेल, आणि तेही वयानं थकलेलं.

शब्दापासून सुरुवात करू. यातला "देश" म्हणजे राष्ट्र नव्हे. जुन्या महसुली भाषेत देश म्हणजे परगणा, पाचपन्नास किंवा त्याहून जास्त गावांचा पट्टा. त्याचा मुख्य तो देशमुख. गावात जशी पाटील आणि कुलकर्णी ही जोडी, तशी परगण्यावर देशमुख आणि देशपांडे ही जोडी. देशमुखानं वसुली करायची, लागवड वाढवायची, पाटलांना धाकात ठेवायचं, वेळ पडली तर माणसं घेऊन उभं राहायचं. देशपांड्यानं हिशेब लिहायचा. मोबदला म्हणून वसुलीतला वाटा, इनाम जमीन आणि सणावाराला मानपान. यातला मानपान लोकांना पैशापेक्षा जास्त प्यारा होता. पोळ्याला पुढची जोडी कोणाची, यावरून आपल्याकडे आजही आवाज चढतात, तेव्हा त्या काळची कल्पना करता येईल.

हे काम दक्षिणेतल्या सुलतानी राजवटींच्या काळात रुजलेलं दिसतं आणि पुढे मराठेशाहीत चाललं. कोकणाच्या दक्षिण भागात, कर्नाटकात आणि गुजरातेत याच कामाला देसाई म्हणत, कर्नाटकात नाडगौडाही म्हणत. म्हणजे गोव्याकडचा देसाई आणि वऱ्हाडातला देशमुख हे नात्यानं एकमेकांचे कोणी नसतील, पण हुद्द्यानं सख्खे आहेत. शिवाजीमहाराजांनी मोगलाईत सरदेशमुखीचा हक्क मागितला तो याच व्यवस्थेतला, साऱ्या देशमुखांवरचा देशमुख म्हणून उत्पन्नाचा दहावा हिस्सा. १७१९ साली दिल्लीकडून चौथाईबरोबर सरदेशमुखीच्याही सनदा आल्या. राजकारण केवढं मोठं झालं, तरी शब्द परगण्याच्या चावडीवरचाच होता.

आता मुद्द्याचं. देशमुखी हे वतन होतं, आणि वतन ही मालमत्ता होती. ती बापाकडून मुलाकडे जाई, भावाभावांत वाटली जाई, गहाण पडे, विकलीही जाई. अर्धी देशमुखी एका घराण्यात आणि अर्धी दुसऱ्यात, असे कागद जुन्या दप्तरांत सापडतात. जे विकत घेता येतं आणि राजाकडून बक्षीस मिळतं, ते एका रक्तात कसं राहील?

उदाहरणं सगळ्यांच्या ओळखीची देतो. लोकहितवादी म्हणजे गोपाळ हरी देशमुख, १८२३ साली पुण्यात जन्मलेले. त्यांचं मूळ आडनाव सिधये, घराणं कोकणस्थ. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख हे महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, चांद्रसेनीय कायस्थ प्रभू. डॉ. पंजाबराव देशमुख अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, शेतकऱ्याच्या घरचे. मूळ आडनाव कदम. पुढे १९५२ पासून ते केंद्रात कृषिमंत्री होते. नानाजी देशमुख मराठवाड्यातल्या कडोळीचे, देशस्थ घरातले. त्यांचं उत्तरायुष्य आपल्याच मध्य प्रदेशात चित्रकूटला गेलं. एकाच पाटावर बसवता येतील असे हे चार देशमुख, पण चौघांची कुळं वेगळी, कुलदैवतं वेगळी. आपल्या दोन तालुक्यांतही कुणब्यांत देशमुख आहेत, पवारांत आहेत, ब्राह्मणांतही आहेत. "देशमुख म्हणजे अमुकच" असं छातीठोक सांगणारा माणूस भेटला, तर तो आपल्या आळीपुरतं खरं बोलतो एवढंच समजावं.

याउलट मावळात पाहा. कान्होजी जेधे रोहिडखोऱ्याचे देशमुख, बाजी पासलकर मोसे खोऱ्याचे देशमुख. पण आपण त्यांना जेधे आणि पासलकर म्हणूनच ओळखतो. हुद्दा होता, तरी कुळाचं नाव वर राहिलं. तेलंगणात तर देशमुखांचा दरारा विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होता. १९४६ नंतरचा तिथला शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा या देशमुखांविरुद्धच पेटला. तरीही तिथे घरोघर आडनाव देशमुख झालं नाही. रेड्डी आणि राव ही नावं टिकली, देशमुख ही पदवी मागे जोडलेली राहिली. तेव्हा हुद्दा मिळाला की तो आडनाव होतोच, असा नियम नाही. कुठे होतो, कुठे होत नाही.

मग आमच्या वऱ्हाडाकडे एवढे देशमुख का? माझं मत असं आहे की काम गेलं, तेव्हा नाव पक्कं झालं. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. त्याच वर्षी निजामाच्या दिवाणपदावर सालारजंग आले, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी वसुलीसाठी पगारी अंमलदार नेमले. दोन्हीकडे देशमुखांच्या हातून वसुली सुटली आणि त्याऐवजी रोख नेमणूक, म्हणजे रुसूम, मिळू लागली. परगण्याचं काम करणारा एकच वडीलधारा देशमुख असतो. पण रुसूम खाणारं आणि मान सांगणारं सगळं घराणंच देशमुख होतं. धाकटी पातीही देशमुख, लेकरंबाळंही देशमुख. वऱ्हाडात तर या घरांच्या सोयरिकी आपसांतच होऊ लागल्या. आणि नेमक्या त्याच सुमारास शाळा, कोर्ट आणि टपाल यांना प्रत्येक माणसाला एक ठरीव आडनाव हवं होतं. जे तोंडात होतं ते कागदावर चढलं.

आपला पट्टा मात्र वऱ्हाडाला लागून असला, तरी निजामाकडचा नव्हता. देवगडच्या गोंड राजांचा हा मुलूख, नंतर नागपूरकर भोसल्यांचा. भोसल्यांच्या वेळी परगण्यावर कमाविसदार आला. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी गेले आणि राज्य खालसा झालं. पुढे मध्य प्रांत झाल्यावर इंग्रजांनी गावच्या पाटलाला किंवा गाव मक्त्यानं घेणाऱ्याला जमिनीची मालकी देऊन मालगुजार केलं, ते १९५१ पर्यंत. म्हणून आपल्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी दरारा होता तो मालगुजाराचा. गंमत अशी की नव्वद वर्षं गावावर राज्य करूनही मालगुजार हा शब्द आडनावात फारसा उतरला नाही. तोवर लोकांची आडनावं ठरून गेली होती.

तुमच्या घरी जमिनीचे जुने कागद असतील तर काढून पाहा. बंदोबस्ताच्या मिसलीत नोंद असते ती अशा धाटणीची: रामा वल्द गणू, कौम कुणबी, साकिन देह. म्हणजे गणूचा मुलगा रामा, जात कुणबी, राहणार याच गावी. यात आडनाव कुठे आहे? सरकारला बाप, जात आणि गाव एवढं पुरत होतं. बाई असेल तर जौजे अमुक, नवरा वारला असेल तर बेवा अमुक. तिचं माहेरचं नाव शोधायला जागाच नाही. रामाचा नातू शाळेत गेला, गुरुजींनी दाखल-खारिज रजिस्टरात काहीतरी लिहिलं, आणि ते काहीतरी आता तुमच्या आधार कार्डावर आहे.

ही नुसती जुन्या कागदांची हौस नाही. महाराष्ट्रात २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा जुनी दप्तरं आणि मोडी कागद बाहेर निघाले. तिथे शोध होता तो जातीच्या रकान्यातल्या शब्दाचा. आडनावानं काही सिद्ध होत नव्हतं. आपल्या किती तरी लेकी-बहिणी वरूड, नरखेड, काटोलला दिलेल्या आहेत आणि तिकडच्या इकडे आलेल्या आहेत. आपले कागद भोपाळच्या शाईचे, त्यांचे मुंबईच्या.

शाईवरून आठवलं. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौसर मिळून वेगळा जिल्हाही झाला, पण कचेरीची भाषा हिंदीच. हिंदी लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाताला ळ ची सवय नाही. त्यामुळे काळे यांचे काले झाले, ढोबळे यांचे ढोबले, पिंपळकरांचे पिंपलकर. वऱ्हाडे हे नाव तर हिंदीत लिहिताना दर वेळी वेगळं होतं. देशमुख त्यातून सुटले, कारण त्यांच्या नावात हिंदीला अडेल असं अक्षरच नाही. पण सख्ख्या चुलतभावांपैकी एक नागपूरला काळे आणि एक पांढुर्ण्याला काले असेल, तर वारसाच्या वेळी शपथपत्र करून "दोन्ही नावं एकाच घराण्याची" हे सांगावं लागतं.

हे फक्त आपल्याच नशिबी आलं असं नाही. इंग्रजांत स्ट्युअर्ट हे आडनाव आहे. स्टुअर्ड म्हणजे मोठ्या वाड्याचा कारभारी, जुन्या अर्थानं घराचा राखणदार. स्कॉटलंडच्या राजाकडे एका घराण्याकडे हे काम वंशपरंपरेनं होतं; आपल्या भाषेत वतनच. हुद्द्याचं आडनाव झालं, आणि १३७१ साली त्याच घराण्यातला रॉबर्ट राजा झाला. पुढे राणी मेरी लहानपणापासून फ्रान्समध्ये वाढली. फ्रेंच लिखाणाला त्या नावातलं डब्ल्यू हे अक्षर परकं, म्हणून तिकडे ते गळालं आणि यू आलं. तेच रूप राजघराण्याला चिकटलं. सरहद्द ओलांडताना राणीच्या नावातलं अक्षर जातं, तिथे आपल्या ढोबळ्यांची काय कथा! फरक एवढाच की राणीला शपथपत्र करावं लागलं नाही.

देशमुख किती आहेत, हा प्रश्न व्याख्यानानंतर हमखास येतो. जनगणना आडनावांची मोजदाद छापत नाही. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे बारा लाखांच्या आसपास होते, एवढं भाषेपुरतं कळतं. तुमच्या गावापुरता आकडा हवा असेल तर मतदारयादी घ्या आणि बोटानं मोजा. मोजताना एक करा: प्रत्येक देशमुखापुढे त्याचं मूळ आडनाव लिहिता येतं का ते बघा. रकाना बराचसा रिकामा राहील, असा माझा अंदाज आहे.

आणि हा रकाना रिकामा राहणं सोयरिकीच्या वेळी अडतं. आपल्या शेजारच्या गोंड बांधवांकडे पाहा. उईके, धुर्वे, मरकाम म्हटलं की किती देवांचं कुळ ते कळतं, आणि कुठे लग्न जमतं, कुठे भाऊबंदकी होते, ते चटकन ठरतं. त्यांचं आडनाव बोलतं. देशमुख हे आडनाव त्या बाबतीत मुकं आहे. दोन देशमुख एका कुळाचे असतील किंवा सात पिढ्यांत काही संबंध नसलेले असतील. म्हणून जुनी माणसं कुळ, देवक, कुलदैवत, मूळ गाव असं एकामागून एक विचारत. आता पत्रिकेच्या छापील कागदावर आडनावाची एक ओळ असते आणि वर मोबाईल नंबर.

शोध कुठे घ्यायचा, तेही सांगतो. जमिनीची मिसल जिल्ह्याच्या अभिलेखागारात, आणि त्यासाठी जुना खसरा नंबर लागतो, तो पटवाऱ्याकडून आधी काढा. गावच्या जुन्या शाळेचं दाखल-खारिज रजिस्टर. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. पूर्वज अस्थी घेऊन गेले असतील, तर त्यांनी तिथे नाव, गाव आणि भाऊबंद लिहवून ठेवलेले असतात, आणि उपाध्याय गावाच्या नावावरून वही काढतात. ज्या समाजांत भाट येतात त्यांनी भाटाची पोथी ऐकावी, मात्र त्यातले राजेरजवाडे थोडे बाजूला ठेवून. मोडी वाचणारा माणूस नागपूरला मिळतो.

पण या सगळ्याआधी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारा. ती या घरात सून म्हणून आली तेव्हा तिच्या माहेरच्यांनी "कोणते देशमुख?" हे नक्की विचारलं होतं, आणि काय उत्तर मिळालं ते तिनं ऐकलेलं असतं. पुरुषांना ते सांगायची वेळ कधी आली नाही, म्हणून ते विसरले. तिला विचारताना वही जवळ ठेवा, ळ आला तर ळ लिहा, आणि तिचं माहेरचं नावही त्याच पानावर लिहून घ्या.