रिबिटें मारणारीं माणसें

युद्धचित्र म्हटलें कीं तोफा व विमानें डोळ्यांपुढें येतात. परंतु इंग्रज चित्रकार स्टॅन्ली स्पेन्सर याच्या युद्धचित्रांत ना तोफ आहे, ना विमान. त्यांत आहेत रिबिटें मारणारीं माणसें.

स्पेन्सरचा जन्म १८९१ सालीं थेम्सकांठच्या कुकम गांवीं झाला. बायबलांतील प्रसंग जणूं आपल्याच गल्लींत घडले, अशा भावनेनें तो चित्रें काढी. पहिल्या महायुद्धांत तो शुश्रूषापथकांत होता. त्या आठवणी त्यानें १९२७ ते १९३२ या काळांत बर्गक्लेअर येथील प्रार्थनामंदिरांत रंगविल्या. त्याही लढाईच्या नव्हेत, तर फरशा घासण्याच्या नि अंथरुणें घालण्याच्या!

दुसरें महायुद्ध सुरू होतांच पोलंडच्या पाडावावर क्रूसारोहणाचें चित्र काढण्याचा त्याचा मानस होता. सरकारी समितीला तें रुचलें नाहीं. तिनें त्यास १९४० सालीं स्कॉटलंडांत, क्लाइड नदीवरील पोर्ट ग्लासगो येथें, लिथगो यांच्या जहाजांच्या कारखान्यांत धाडलें. तो नकार उपकारकच ठरला. जर्मन पाणबुड्या व्यापारी जहाजें बुडवीत होत्या. नवीं जहाजें वेळेवर पाण्यांत उतरलीं नसतीं, तर ब्रिटनला अन्नाचीहि पंचाईत पडती.

त्या धामधुमींत हा बुटका, चष्मा लावलेला गृहस्थ कामगारांच्या जवळ बसून रेखाटनें करी. आणि श्रोत्यांस नवल वाटेल, पण तीं शौचकूपांतील कागदाच्या लांब गुंडाळ्यांवर! एकानें रिबीट भट्टींत लाल करावें, दुसऱ्यानें भोकांत बसवावें, एकानें मागून दाबून धरावें, नि पुढच्यानें ठोकावें. त्या कारखान्याचे कोनेकोपरे त्याला लहानपणच्या घरांतील खोल्यांसारखे वाटत. ‘रिव्हेटर्स’ हें १९४१ चें चित्र अडीच फूट उंच व १९ फूट लांब आहे. अखंड जहाज त्यांत कोठेंच नाहीं. ओणवलेले, पडून काम करणारे कामगार मात्र कोटांच्या सुरकुत्यांसह दिसतात. अपघात, थकवा व मजुरीची चणचण यांना तेथें जागा नाहीं, हा उणेपणा मान्य केलाच पाहिजे.

ही चित्रमालिका पुरी झाली नाहीं; तिच्यांतील ‘फर्नेसेस’ हें चित्र १९४६ चें.

पण गांवानें त्याला आणखी एक देणें दिलें. एका संध्याकाळीं फिरतां फिरतां टेकडीवरील दफनभूमि त्याच्या दृष्टीस पडली. तींतून १९४५ ते १९५० या वर्षांत मृतांच्या पुनरुत्थानाचीं चित्रें निर्माण झालीं. थडग्यांतून उठून हात उंचावणारीं, एकमेकांस कवटाळणारीं तीं माणसें म्हणजे पोर्ट ग्लासगोचीं साधीं बायाबापडींच होत.