खलनायक नसलेली गोष्ट



लॉरेल आणि हार्डीची जोडी जमवण्यात ज्याचा मोठा हात होता, मार्क्स बंधूंचा ‘डक सूप’ ज्याने दिग्दर्शित केला, त्या लिओ मॅकेरीने १९३७ साली म्हाताऱ्या आईबापांवर एक चित्रपट काढला. ‘मेक वे फॉर टुमारो’. लोकांना हसवण्यात हयात घालवलेला माणूस आणि विषय हा! चित्रपट पडला. आजही जुन्या हॉलिवूडच्या गप्पा निघाल्या की ‘कॅसाब्लांका’ येतो, ‘गॉन विथ द विंड’ येतो; याचं नाव क्वचितच निघतं.

गोष्ट साधी आहे. बार्कली कूपर हा निवृत्तीच्या वयाला आलेला हिशेबनीस. चार वर्षं हाताला काम नाही, कर्जाचे हप्ते थकलेत, बँक घर ताब्यात घेणार. मुलं पाच, पण आईवडील दोघांनाही एकत्र ठेवून घेईल असं घर एकाचंही नाही. मग आई न्यूयॉर्कला मोठ्या मुलाकडे, जॉर्जकडे, आणि वडील तीनशे मैलांवर मुलीकडे. तात्पुरतं, असं सगळेच म्हणतात. अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ साली झाला होता खरा, पण दरमहाची पेन्शन लोकांच्या हातात पडू लागली ती १९४० च्या जानेवारीपासून. बार्कलीच्या खिशात काही येणार नव्हतं.

आता असा विषय म्हटला की आपल्याला पुढचं सगळं माहीत असतं. दुष्ट सून, बायकोच्या मुठीतला मुलगा, शेवटी बापाचं भाषण आणि मुलांच्या खाली गेलेल्या माना. आपल्याकडे २००३ साली ‘बागबान’ने हेच केलं आणि लोक डोळे पुसत, समाधानाने घरी गेले. मॅकेरी हे समाधान देत नाही. जॉर्जची बायको अनिता घरी ब्रिजचे वर्ग घेते. त्या पैशांची घराला गरज आहे. वर्ग चालू असताना सासूबाई मध्येच झुलत्या खुर्चीत येऊन बसतात. खुर्ची कुरकुरते. पत्त्यांवरून नजरा उठतात. आपणही अनितासारखेच अवघडतो, आणि खरं सांगायचं तर म्हातारीचा थोडा रागच येतो.

तेवढ्यात वडिलांचा फोन येतो. लांबचा फोन म्हणून ती ओरडून बोलते. बाहेर गरम कपडे घालून जातोस ना, औषध घेतोस ना. सुरुवातीला गंमत वाटते. खेळणारेही एकमेकांकडे पाहून हसतात. मग ती म्हणते की या फोनच्या पैशांत तुझ्यासाठी एक चांगला उबदार मफलर आला असता. तिच्या बोलण्यात तक्रार नाही, रडं नाही. खोलीतले लोक हळूहळू गप्प होतात. मॅकेरी त्यांच्या चेहऱ्यांवर फार रेंगाळत नाही. विनोदी चित्रपट करणाऱ्याला एक गोष्ट पक्की कळलेली असते, कुठे थांबायचं ती.

तिकडे वडिलांचा चष्मा फुटलेला. बायकोचं पत्र त्यांना एक दुकानदार, रुबेन्स, वाचून दाखवतो. पत्रातला मजकूर खाजगी होऊ लागतो तसा तो वाचायचा थांबतो. वडील निघून गेल्यावर तो आतल्या बायकोला हाक मारतो. काम काहीच नसतं, ती आहे ना, एवढंच बघायचं असतं. मला विचाराल तर या एका हाकेत जे आहे ते पाच मिनिटांच्या संवादात मावलं नसतं.

आईची भूमिका ब्यूला बाँडीने केली आहे. सत्तरीची वाटणारी ही नटी तेव्हा जेमतेम अठ्ठेचाळिशीची होती. तिचा सगळ्यात मोठा प्रसंग मुलाबरोबरचा आहे. वृद्धाश्रमाचं पत्र तिच्या नजरेस पडलेलं असतं. जॉर्ज सांगायला येतो आणि त्याला शब्द सापडत नाहीत. मग तीच म्हणते, मला तिकडे जाऊन राहायचं आहे. मुलाची सुटका आई करते. वर सांगते की तू माझा सगळ्यात लाडका. जॉर्ज वाईट माणूस नाही, म्हणून तर हे ऐकताना त्याची जी अवस्था होते ती बघवत नाही.

शेवटचा अर्धा तास न्यूयॉर्कमधल्या एका दुपारचा आहे. वडील दूर कॅलिफोर्नियाला चाललेत. मुलांनी ठरवलेलं जेवण टाळून हे दोघं भटकतात आणि मधुचंद्राला जिथे उतरले होते त्या हॉटेलात जातात. परकी माणसं त्यांच्याशी मुलांपेक्षा चांगली वागतात. हे मात्र जरा जास्तच गोड झालंय, असं मला वाटतं. पण एका क्षणी ते चुंबनासाठी जवळ येतात, आणि ती एकदम आपल्याकडे, प्रेक्षकांकडे बघून मागे सरते. तो संकोच पाहिला की गोडपणाची तक्रार विसरायला होते.

मराठी श्रोत्यांना या सगळ्यात राजा परांजपे यांचा १९५४ चा ‘ऊन पाऊस’ आठवेल. त्यातही मुलांमुळे दुरावलेलं म्हातारं जोडपं आहे. त्याच्या एकच वर्ष आधी जपानात दिग्दर्शक ओझूचा याच विषयावरचा ‘टोकियो स्टोरी’ आला होता. त्याचा सहलेखक कोगो नोदा याने मॅकेरीचा चित्रपट पाहिलेला होता.

‘मेक वे फॉर टुमारो’चा शेवट गोड करा, असा पॅरामाउंटचा आग्रह होता. मॅकेरीने ऐकलं नाही. त्याला ती कंपनी सोडावी लागली. त्याच वर्षी दुसरीकडे त्याने ‘द ऑफुल ट्रूथ’ हा खुसखुशीत विनोदी चित्रपट केला आणि त्यासाठी उत्कृष्ट दिग्दर्शकाचं ऑस्कर मिळवलं. बक्षीस घेताना त्याने आभार मानले आणि सांगितलं की तुम्ही ते चुकीच्या चित्रपटाला दिलंत. मी दोन्ही पाहिले आहेत. त्याचं म्हणणं बरोबर होतं.