आधी वजन विचारा

(हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेत माझा विषय 'छोट्या गाड्यांचं ॲव्हरेज : काल आणि आज' असा छापला आहे. त्याला धरूनच बोलेन. पण माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी वेळ अपुरा पडला तरी ते राहून जायला नको. गेल्या चाळीस वर्षांत इंजिनं फार सुधारली. त्या सुधारणेतून जेवढं पेट्रोल वाचायला हवं होतं, त्यातलं बरंचसं आपण गाडीच्या वजनापायी घालवलं. गाडी काटकसरी आहे की नाही हे ओळखायचं असेल तर आधी तिचं वजन विचारा. बाकीचे प्रश्न नंतर.

१९७३ चं तेलसंकट, त्यानंतर अमेरिकेत आलेले इंधनाचे नियम, जपानच्या छोट्या गाड्यांनी जगभर मारलेली मुसंडी, हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे. त्यात वेळ घालवत नाही. थेट १४ डिसेंबर १९८३ ला येतो. त्या दिवशी इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८०० ची किल्ली मालकाच्या हाती पडली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आत, वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास. तेव्हा कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी आपली फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, नऊशे किलोंच्या घरातली. तिचं इंजिन १०८९ सीसीचं. पद्मिनी शहरात दहा-बारा द्यायची. मारुतीवाले हायवेचं अठरा-वीस सांगायचे, आणि तेही मिशीला पीळ देऊन. (हशा)

लोक म्हणाले, जपानी इंजिनाची कमाल. इंजिन उत्तम होतंच, नाही कोण म्हणतो? पण कार्बोरेटर पद्मिनीला होता तसा मारुतीलाही होता. मारुतीत इंजिन पुढे आणि ओढणारी चाकंही पुढचीच, त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांबलचक शाफ्ट नाही, मागचं जडशीळ डिफरन्शियल नाही. पत्रा बेताचा, चाकं बारा इंची. त्या गाडीची बरीच काटकसर या अडीचशे किलोंत होती.

आता वजन नेमकं खातं कुठे, ते बघू. गाडी थांबलेली आहे, दिवा हिरवा झाला, तुम्ही तिला ताशी ५० किलोमीटरवर नेलीत. साडेसहाशे किलोंच्या गाडीला एवढा वेग द्यायला सुमारे ६३ किलोज्यूल ऊर्जा लागते, बाराशे किलोंच्या गाडीला ११६. पुढच्या लाल दिव्याला ब्रेक दाबलात की ती सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन उडून जाते. एका लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ हजार किलोज्यूल असतात, आणि शहरातल्या वाहतुकीत त्यातला पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असं धरा. हिशोब असा येतो : हलक्या गाडीला त्या एका दिव्यापायी दहा मिलिलिटर, जड गाडीला अठरा. म्हणजे आठ मिलिलिटर जास्त, चहाचे दीड चमचे. पुण्यात स्वारगेटहून हडपसरला जा, वाटेत किती वेळा थांबावं लागतं ते मोजा, आणि तेवढ्या वेळा दीड चमचा पेट्रोल रस्त्यावर ओतलं असं समजा.

हे मी कॉलेजात इंजिनं शिकवायला लागल्यावर फळ्यावर मांडू लागलो. पण मला ते पहिल्यांदा पटलं ते तुमच्या या साताऱ्यात, एका मिस्त्रीच्या हाताखाली. (टाळ्या) थोडक्यात सांगतो.

आमच्या गल्लीत एका गुरुजींनी जुनी फियाट घेतली होती. गुरुजींचं म्हणणं, गाडी पेट्रोल पिते. मिस्त्री म्हणायचे, गाडी ठणठणीत आहे, तुम्ही चालवता कशी ते बघायला पाहिजे. दोघेही हटेनात. शेवटी मिस्त्रींनी बाटली काढली. जुन्या मंडळींना ही बाटली माहीत असेल. टाकीकडून येणारी नळी सोडवायची, त्या जागी बरोबर एक लिटर पेट्रोल भरलेली बाटली टांगायची, गाडी हाकायची आणि बंद पडेल तिथे उतरायचं. जितके किलोमीटर झाले तितकं ॲव्हरेज. यापेक्षा प्रामाणिक यंत्र मी आजवर पाहिलेलं नाही.

वाढे फाट्यावरून निघालो, पुण्याच्या दिशेनं. मिस्त्री चालवणार, शेजारी मी, मांडीवर दुसरा कॅन. मिस्त्रींचा पाय असा हलका, की ॲक्सिलरेटर हलतोय हेही कळू नये. पुढे ट्रक दिसला की फर्लांगभर आधीच पाय काढून घ्यायचे, ब्रेक जवळजवळ नाहीच. गाडीनं गचके दिले, थांबली. आम्ही उतरलो, रस्त्याच्या कडेला खडूनं खूण केली. आकडा चांगला आला, मिस्त्री खूश. पण गुरुजी कसले ऐकतात! ते म्हणाले, ही परीक्षा खरी नाही. माझ्या गाडीत मी, मंडळी, दोन मुलं आणि आई असते, शिवाय गावाकडून येताना डिकीत जोंधळ्याचं पोतं असतं. (मोठा हशा) मिस्त्रींनाही ते पटलं. मग दुसऱ्या दिवशी सगळं कुटुंब आलं, आजीबाई आल्या, पोतंही आलं. पुन्हा एक लिटर, तोच रस्ता, तेच मिस्त्री, तोच हलका पाय. गाडी आदल्या दिवशीच्या खुणेच्या दीडएक किलोमीटर अलीकडे बंद पडली. आजीबाई उतरल्या आणि विचारलं, 'अरे, गाव आलं का?' (हशा)

संयोजक घड्याळाकडे बघताहेत हे मला दिसतंय. पण या गोष्टीशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही. इंजिन तेच, कार्बोरेटरचा जेट तोच, चालवणारा तोच. बदललं ते वजन, आणि तेही मोकळ्या, सपाट रस्त्यावर, जिथे वजनाचा त्रास सर्वांत कमी होतो. शहरात हीच तफावत वाढते.

आता इंजिनांनी काय केलं ते झरझर सांगतो. कार्बोरेटर गेला, त्याच्या जागी संगणकाच्या हुकमावर पेट्रोल मोजून सोडणारं इंजेक्शन आलं. झडपा वाढल्या, आतलं घर्षण कमी झालं, इंजिन ऑइल पातळ झालं, गिअर चारांचे पाच झाले, सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणारी सोय आली. परिणाम बघा. २०२२ च्या ऑल्टो के-१० ची ताकद पहिल्या मारुती ८०० च्या जवळजवळ पावणेदोन पट, त्यात एसी, पॉवर स्टिअरिंग, एअरबॅग. तरी प्रमाणित ॲव्हरेज २४.३९. का? कारण वजन अजून साडेसातशे किलोंच्या आसपासच ठेवलं आहे. २००९ ची नॅनो आठवा : ६२४ सीसी, दोन सिलिंडर, सहाशे किलो, प्रमाणित आकडा २३.६. ती चालली नाही त्याची कारणं वेगळी, त्यात शिरत नाही.

हे प्रमाणित आकडे पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयसारख्या संस्थेत निघतात. गाडी रोलरवर उभी करतात, चालक पडद्यावरच्या रेषेबरहुकूम वेग कमी-जास्त करतो, वीसएक मिनिटांत परीक्षा संपते. कमाल वेग ९०, एसी बंद. म्हणून रस्त्यावर आकडा कमी येतो. त्यात फसवणूक नाही, सगळ्या गाड्यांना एकच प्रश्नपत्रिका आहे. पण हेही ध्यानात घ्या, की गाडी जितकी जड तितका तो रोलर जड करून ठेवतात. वजनातून तिथेही सुटका नाही.

एकाच नावाची गाडी घेऊ, म्हणजे माझ्यावर पक्षपाताचा आरोप यायला नको. पेट्रोल स्विफ्टचा २०११ चा आकडा १८.६, २०१८ चा २२, २०२४ चा २४.८. मधल्या काळात इंजिन सुधारलं, मान्य. पण २०१८ ची स्विफ्ट आधीच्या पिढीपेक्षा जवळजवळ शंभर किलोंनी हलकी होती, आणि तीही आकारानं लहान न होता. नवा सांगाडा, जास्त ताणबळाचं पोलाद. करायचं म्हटलं तर होतं, एवढाच याचा अर्थ.

मग बाकीच्या गाड्या फुगल्या कशा? त्याला आपले करही कारण आहेत. २००६ च्या अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या ठरली : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. तिला कर कमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी बदलला, तेव्हाही छोट्या गाडीला १८ टक्के आणि मोठीला ४० हा भेद लांबी आणि सीसीवरच ठेवला. कारखानदारांनी काय केलं? लांबी ३,९९५ मिलिमीटरवर आणून ठेवली आणि गाडी उंच, रुंद, जड केली. रांजणगावला तयार होणारी नेक्सॉन चार मीटरच्या आतच आहे, पण वजन बाराशे किलोंच्या पुढे-मागे, आणि पेट्रोलचा प्रमाणित आकडा सतराच्या आसपास. गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण मारुती ८०० मध्ये आठ धट्टीकट्टी माणसं कायमची बसवून फिरावं, तेवढा हा जादा भार आहे, आणि कराच्या लेखी दोन्ही गाड्या सारख्याच छोट्या.

आणि गंमत नव्हे, खेदाची गोष्ट पुढेच आहे. २०१७ पासून आपल्याकडे कंपन्यांच्या सरासरी इंधनखर्चावर मर्यादा आली. किलोमीटरमागे १३० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, मग २०२२-२३ पासून ११३, म्हणजे लिटरला साधारण २१ किलोमीटर. पाऊल चांगलं. पण सूत्र असं, की कंपनीच्या गाड्यांचं सरासरी वजन जास्त तर तिला सूटही जास्त. जो जाड झाला त्याला भाकरी वाढवून दिली! सप्टेंबर २०२५ च्या सरकारी मसुद्यात ९०९ किलोंपर्यंतच्या छोट्या पेट्रोल गाड्यांना थोडी सवलत सुचवली, तर केवढा वाद पेटला. मला तो मसुदा बरोबर दिशेचा वाटला, कारण त्यात कमी वजन सवलतीच्या बाजूला आलं.

एक चिठ्ठी आली आहे. वाचतो. 'हलकी गाडी म्हणजे पत्र्याचा डबा. आमच्या जिवाचं काय?' (टाळ्या) टाळ्या वाजवा, प्रश्न रास्त आहे, आणि मी तो टाळणार नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपनं भारतातल्या छोट्या गाड्या आपटून पाहिल्या. ऑल्टो ८०० ला शून्य तारे, नॅनोला शून्य. हे खरं आहे. पण त्याच चाचणीत चाकणला बनणाऱ्या पोलोचा निकाल काय होता? ती या दोघींपेक्षा कितीतरी जड. एअरबॅग नसलेल्या पोलोलाही शून्य, आणि तीच पोलो दोन एअरबॅग घालून आपटली तेव्हा चार तारे. दोन एअरबॅगचं वजन किती असतं? काही किलो. जीव वाचवतो तो भक्कम सांगाडा, पट्टा आणि एअरबॅग. त्यांच्यासाठी पन्नास-साठ किलो वाढले तर मी आनंदानं देईन. सनरूफ, अठरा इंची चाकं आणि उगाच वाढवलेली उंची यांच्यासाठी देणार नाही. शिवाय जड गाडी स्वतःच्या माणसांना वाचवते असं मानलं, तरी समोरच्या स्कूटरवरच्या माणसाचं काय? आपल्या रस्त्यांवर निम्म्याहून जास्त वाहनं दुचाकी आहेत. आपली सुरक्षितता त्यांच्या जिवावर विकत घ्यायची नाही, एवढं तरी मला वाटतं.

दुसरी चिठ्ठी संयोजकांची आहे, पाच मिनिटं उरली. तेव्हा फ्रान्सच्या सिट्रोएन २सीव्हीबद्दल दोनच वाक्यं बोलतो, खरं तर अर्धा तास बोलायचं होतं. (हशा) पिएर बुलांजे या माणसानं आपल्या अभियंत्यांना शेतकऱ्याची गाडी करायला सांगितली : दोन शेतकरी, ५० किलो बटाटे, आणि शंभर किलोमीटरला तीन लिटर पेट्रोल. त्यासाठी छत कापडाचं, बाकंही कापडाची, इंजिन ३७५ सीसीचं, वजन पाचशे किलोंच्या आसपास, आणि १९४८ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात ती उभी राहिली. तीन लिटरचा आकडा पुरता गाठता आला नाही, पण काटकसरीची सुरुवात वजनापासून होते हे त्या माणसाला इंजेक्शन आणि संगणक यायच्या कितीतरी आधी कळलं होतं.

सीएनजी आणि विजेच्या गाड्यांवर बोललो नाही, तो पुढच्या वर्षीचा विषय ठेवा. विजेची गाडी ब्रेकमधली थोडी ऊर्जा परत मिळवते, पण बॅटरीचं ओझं तिला सतत वाहावं लागतं, हे तेवढं लक्षात असू द्या.

माझ्या मागण्या तीन. शोरूममधल्या फलकावर ॲव्हरेजच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत, गाडीचं वजन लिहावं. छोट्या गाडीची करातली सवलत लांबीवर न देता वजनावर द्यावी. आणि तिसरी मागणी सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. पुढची गाडी बघायला जाल तेव्हा विक्रेता रंग, स्क्रीन आणि हप्ता सांगू लागेल. त्याला थांबवा आणि विचारा, हिचं वजन, म्हणजे कर्ब वेट, किती? त्याला सांगता आलं नाही तर पुस्तिका उघडायला लावा. असं विचारणारे शंभर लोक एका शोरूममध्ये आले, तर पुढच्या गाडीचा आराखडा करणाऱ्या अभियंत्यापर्यंत ते पोचतं. पोचवणं आपल्या हातात आहे.